पहिल्या हाकेला ओ

"दिलीन्! मेल्यानं पहिल्याच हाकेला ओ दिलीन्!" असं ओरडून सासूबाईंनी कपाळावर मारायला हात उचलला आणि मी तो मधल्या मधे धरला.

"आई, डोळा! डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डोळा गेला चुलीत. पुढं वाच. मेला ना तो?"

"अजून नाही. आत्ता कुठं 'मी इथं आहे' एवढंच म्हणालाय."

"मग मेलाच. चार पानं अलीकडे नाहीतर पलीकडे."

बाहेर ऊन नुसतं मी म्हणत होतं. खाडीला ओहोटी लागलेली, त्यामुळं चिखलाचा वास थेट ओटीपर्यंत येत होता. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्या डोळ्याला आधीपासूनच धड दिसत नव्हतं. माझ्या मांडीवर पुस्तक होतं, एवढं जाड, की उशाला घेऊन खुशाल झोपावं. 'खारं तळं' त्याचं नाव. चिनी कादंबरी, मराठीत आणलेली. लेखकाचं नाव मला आजही नीट म्हणता येत नाही.

गोष्ट अशी होती. चीनमध्ये कुठंतरी दूर, डोंगरांच्या मधे मिठाचं एक मोठं तळं आहे. काठावर मीठ काढणाऱ्यांचं गाव आणि गावाबाहेर आकाशातले आवाज ऐकायचं सरकारी केंद्र. तिथं वेई नावाचा एक तरुण शास्त्रज्ञ कानाला यंत्र लावून बसलेला असतो. आणि एक दिवस ताऱ्यांच्या पलीकडून कुणीतरी हाक मारतं. कोण, कुठले, कसे दिसतात, काही पत्ता नाही. पुस्तकात त्यांना 'पाहुणे' म्हटलंय. सगळ्या जगातली पहिली हाक, आणि वेई आनंदानं वेडा होऊन लगेच उत्तर पाठवतो, मी इथं आहे.

"तीन हाका होईपर्यंत थांबायला काय धाड भरली होती त्याला?" सासूबाई म्हणाल्या. "चिनात म्हाताऱ्या माणसांनी शिकवलं नाही वाटतं काही."

हे तीन हाकांचं प्रकरण सांगायला हवं. मी घाटावरची, कऱ्हाडची. लग्न होऊन ह्या कोकणातल्या घरात आले, तेव्हा पहिले काही दिवस मला वाटलं सासू ठार बहिरी आहे. "आई" म्हटलं, उत्तर नाही. पुन्हा "आई", पुन्हा नाही. तिसऱ्यांदा ओरडलं की शांतपणे, "ओ, काय गो?" मी दिगंबरला विचारलं, कानाच्या डॉक्टरकडे नेऊया का? तो पोट धरधरून हसला. त्याच्या आईला मुंगी चाललेली ऐकू येते म्हणाला. पण ती तिसऱ्या हाकेशिवाय ओ देत नाही. बाहेरचं जे काही असतं ना, भूतखेत म्हणा, चकवा म्हणा, त्याला आपल्या माणसाचा आवाज काढता येतो, पण तिसरी हाक मारता येत नाही. तिसऱ्या हाकेच्या आत ओ दिलीत, की ते तुम्हाला बरोबर घेऊन जातं. त्यामुळं आमच्या घरात साधं मीठ मागायचं तरी तीनदा ओरडावं लागायचं. माहेरी गेले की मी ह्याची नक्कल करून दाखवायची, आणि सगळे हसून हसून लोळायचे.

त्या उन्हाळ्यात मात्र हसणं संपलं होतं. दिगंबर, म्हणजे माझा नवरा, ज्या मालवाहू जहाजावर इंजिनात कामाला होता, ते जहाज आफ्रिकेच्या बाजूच्या समुद्रात चाच्यांनी पकडलं होतं. सगळे खलाशी ओलीस. कंपनीकडून डिमेलो म्हणून एक साहेब मुंबईहून गाडी करून आले होते. चांगला माणूस, पण असा बोलायचा की हात पाय गार पडावेत.

"ते फोन करतील," डिमेलोसाहेब म्हणाले. "जहाजावरच्या प्रत्येकाकडून घरचा नंबर काढून घेतात. तुमच्या माणसालाच बोलायला लावतील. उचलू नका. बोलणी कंपनी करतेय. घरचं माणूस जेवढं जास्त रडतं, तेवढा तो खलाशी त्यांना जास्त कामाचा. पुढच्या वेळी त्यालाच पुढे ओढतात, मारतात, फोनवर ऐकवतात. म्हणजे मग घरचे लोक कंपनीच्या मागे लागतात. कळलं ना, वहिनी?"

"आणि नाहीच उचलला तर?" मी विचारलं.

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "तर ते पुन्हा करतात," म्हणाले.

त्यानंतर घर म्हणजे काय, फोनभोवती बांधलेलं मखर. मोबाइलला रेंज मिळायची ती वर सड्यावर, कातळाच्या माळावर गेलं तरच, म्हणून घरातला काळा फोन हाच काय तो दुवा. वाजला की आम्ही दचकायचो, नाही वाजला की उचलून चालू आहे ना ते बघायचो. त्यात सासूबाईंचं ऑपरेशन आधीच ठरलेलं, तेही उरकून घेतलं. घरी आल्यावर मी म्हटलं, पडल्या पडल्या पोथी वाचून दाखवते. तर म्हणाल्या, "पोथी पाठ आहे मला. दिगू मागच्या खेपेला लोळत लोळत जे वाचायचा ते काढ."

'खारं तळं' त्याचंच. सुट्टीभर त्यानं ते वाचलं होतं, जेवताना ताटाशेजारी ठेवून. जाताना माझ्या हातात देऊन म्हणाला होता, "वाच. आणि शेवटचं प्रकरण आधी उघडलंस ना, तर कट्टी." पानापानाला त्याच्या तेलकट बोटांचे ठसे होते. इंजिनवाल्याचे हात सुट्टीतही स्वच्छ व्हायचे नाहीत. मी वाचता वाचता त्या ठशांवर अंगठा ठेवायची. सासूबाईंना ते दिसत नव्हतं, म्हणून बरं.

तर पुस्तकात वेईनं ओ दिली, आणि पुढं गावाला अवकळा आली. पाहुण्यांना उत्तरातून माणसाचा आवाज मिळाला होता. ते आवाज शिकले. मग मीठ काढणाऱ्याला तळ्याच्या बाजूनं त्याच्या बायकोच्या आवाजात हाक यायची. तो "आलो" म्हणून निघायचा. सकाळी मिठावर त्याच्या पावलांची रांग दिसायची, आणि मधेच कुठंतरी पावलं संपलेली असायची.

"बघ," सासूबाई म्हणाल्या, "मी काय सांगत होते? आवाज घरच्याचाच असतो."

"आई, ही कादंबरी आहे. बनवलेली."

"असू दे. बनवणाऱ्याच्या घरात कुणीतरी शहाणी म्हातारी असणार."

म्हातारी त्या पुस्तकात पण होती, थान आजी. मीठ काढून काढून हातांना भेगा पडलेली, एकटी, कुणाशी फारशी न बोलणारी. तिचा मुलगा कधीचा तळ्यात बुडालेला. सासूबाईंनी तिला लगेच आपल्यात घेतलं. मधेच विचारायच्या, "आपली मिठागरवाली काय करतेय?" मी म्हणायची, आज तिचा पत्ताच नाही, तर म्हणायच्या, "येईल. दम धर."

पुस्तक संपत आलं होतं, तेव्हा एक दिवस जेवणं आटोपत असताना फोन वाजला. मी दगडासारखी उभी. तो थांबला, पुन्हा वाजला, थांबला, तिसऱ्यांदा वाजला. सासूबाईंनी मान हलवली तेव्हा मी उचलला. दाभोळची नसीम होती. तिचा नवरा मुराद त्याच जहाजावर डेकवर होता. आम्ही दोघी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नव्हतं, पण त्या महिन्यात तिच्याइतकं जवळचं मला दुसरं कुणी नव्हतं.

"हेमाताई, मी उचलला गो," ती म्हणाली.

"रडलीस का?"

"रडू नको तर काय करू? तो नसीम नसीम करत होता. मी म्हटलं, आम्ही घर विकतो, दागिने देतो, त्याला सोडा. हात जोडले गो फोनवर. मग आज परत आला फोन. आज त्यांनी..." तिनं श्वास घेतला. "आज त्यांनी त्याला मारताना मला ऐकवलं. सगळ्यांतून त्यालाच आणलं. का, त्यालाच का?"

मला उत्तर माहीत होतं. डिमेलोसाहेब सांगून गेले होते. पण ते काय तिला सांगायचं! "कंपनी करतेय काहीतरी," असलं कायबाय बोलून मी फोन ठेवला. सासूबाईंना काही सांगावं लागलं नाही. मुंगी ऐकू येणारे कान ते. त्यांनी ताटातला भात बाजूला सारला.

"पुस्तक आण," एवढंच म्हणाल्या.

"आत्ता? आई, मला नाही वाचवत."

"आण म्हणते ना."

मी आणलं. त्या दिवशी नेमकं हे प्रकरण आलं. सरकारनं हुकूम काढला होता, कुणीही कुठल्याही हाकेला उत्तर द्यायचं नाही. केंद्र बंद. रेडिओ बंद. गावात बोलणंसुद्धा कुजबुजत. सगळं तळं चिडीचूप. लोकांना वाटलं, सुटलो. आणि मग पाहुणे आले ते नेमके तिथंच. कारण बाकी साऱ्या जगात गोंगाट, आणि एवढ्याच एका जागी कुणीतरी श्वास रोखून धरलेला. रिकामं घर वेगळं असतं, आणि दार लावून आत दबा धरून बसलेलं घर वेगळं असतं. पाहुण्यांना तो फरक कळत होता. ते दाराशी यायचे, थांबायचे, आणि हाक मारत राहायचे, आतला माणूस फुटेपर्यंत.

मी थांबले. कुठंतरी कोंबडी ओरडत होती. तेवढा आवाजही मला नकोसा झाला.

"ओ दिली तरी नेतात," सासूबाई हळू म्हणाल्या, "आणि नाही दिली तरी दारात येऊन बसतात. मग माणसानं करायचं तरी काय गो?"

"एकच प्रकरण राहिलंय. शेवटचं. त्यात असेल."

"मिठागरवाली अजून जिवंत आहे ना?"

"आहे."

"मग असू दे. उद्या वाचू." आणि त्या पट्टी बांधलेलं तोंड फोनच्या दिशेला करून बसल्या. मी डोळ्यांच्या थेंबांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून खुणेसाठी पानात घातला. शेवटचं प्रकरण तिथून सुरू होत होतं.

उद्या उजाडलं. दुपारी मी ओटीवर बसून पुस्तक उघडतेय, तोच फोन वाजला.

खरं सांगते, आवाजातच कळलं. फोनचा आवाज काय, नेहमीचाच असतो, पण मला कळलं. मी उठले तर सासूबाईंनी माझं मनगट धरलं. वाजून वाजून थांबला.

"एक," त्या म्हणाल्या.

"आई, तो असेल तर?"

"असेल तर परत मारील."

दुसऱ्यांदा वाजला. मी हात सोडवायला गेले तर कसली ताकद त्या म्हाताऱ्या बोटांत! मला साहेबांचं बोलणं आठवत होतं, नसीमचं रडणं आठवत होतं, आणि तरीही माझे पाय फोनकडे ओढ घेत होते. ऐकायचं होतं मला. मारलेलं का होईना, पण त्याचा आवाज ऐकायचा होता. फोन थांबला. घरात असं काही शांत झालं, की मला पुस्तकातलं दार लावलेलं घर आठवलं.

तिसऱ्यांदा वाजला. सासूबाईंनी माझा हात सोडला आणि मी हलायच्या आत स्वतः चाचपडत जाऊन फोन उचलला. मी कान लावायला धावले, तर त्यांनी कोपर मधे घातलं. पण आमच्या त्या जुन्या फोनमधलं बोलणं अर्ध्या खोलीत ऐकू यायचं.

"हॅलो, दिगंबर का घर?" कुणी परका माणूस होता. हिंदी बोलत होता, मोडकंतोडकं.

"कौन दिगंबर?" सासूबाई म्हणाल्या.

"तुम्हारा लडका. जहाज पर. बात करो."

खरखर झाली. मागं कुणीतरी ओरडत होतं. मग आवाज आला.

"आई, मी दिगू."

मी तोंडावर हात दाबून धरला. सासूबाई ताठ उभ्या होत्या. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. आणि त्या बोलल्या त्या हिंदीत, त्यांच्या त्या बाजारातल्या हिंदीत, ज्याला दिगंबर नेहमी हसायचा.

"इधर कोई दिगू नहीं रहता. राँग नंबर लगाया तुमने."

"आई, ओळखलं नाहीस? आई गं, मी..."

धप्पकन काहीतरी आवाज झाला. तो परका माणूस पुन्हा आला. "झूठ मत बोलो. ये तुमको माँ बोलता है."

"बोलने दो. बेवारस लडका होगा, किसीको भी माँ बोलता होगा. हमारा कोई लडका नहीं. मारना है तो मारो, हमको क्या करनेका? फालतू फोन मत करो, इधर म्हातारा आदमी सोता है."

म्हातारा आदमी! माझे सासरे जाऊन बारा वर्षं झाली होती. मी त्यांच्या अंगावरच गेले, फोन ओढायला लागले. त्यांनी मला एका हातानं भिंतीशी दाबून धरलं. फोनमधून तिसऱ्यांदा आलं, अगदी बारीक, लहान मुलानं अंधारात विचारावं तसं.

"आई?"

तेव्हा मात्र त्या मराठीत बोलल्या. "चुकीच्या घरी हाक मारलीस, बाबा. इथं तुझं कुणी नाही."

आणि फोन ठेवला.

मी काय काय बोलले, ते सगळं इथं लिहीत नाही. तुम्ही आई आहात की कोण आहात, हे बोलले. दगडाला पाझर फुटेल, तुम्हाला नाही, हे बोलले. तुमचं तोंड बघायची नाही, हेही बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. भिंतीला धरून धरून मोरीपर्यंत गेल्या, हातावर पाणी घेतलं, आणि तशाच उभ्या राहिल्या. पाणी ओंजळीतून गळून गेलं तरी हात तसेच.

त्यानंतर फोन आला नाही.

कंपनीचा यायचा, नसीमचा यायचा. तिकडून नाही. आठवडे गेले, पाऊस सुरू होऊन संपतही आला. नसीमला दर थोड्या दिवसांनी मुरादचा आवाज ऐकवत. आणखी एकदोघांच्या घरी तसंच. दिगंबरचं कुणी नावही काढेना. नसीमनं एकदा चाचरत विचारलं, "हेमाताई, तो आहे ना गो?" मी म्हटलं, आहे. कशाच्या बळावर म्हटलं, देव जाणे. मला वाटत होतं, त्या दिवशीच त्याला संपवलं असेल. ज्याचा काही उपयोग नाही, त्याला कशाला पोसतील?

सासूबाईंची पट्टी निघाली, चष्मा आला. दिसायला लागलं तरी त्या कुणाकडे बघत नसत. देवापुढं रोज मुलाचं नाव घेऊन दिवा लावायच्या, ते नाव घेणं त्यांनी बंद केलं. शेजारच्या काकूंनी विचारलं, दिगूचं काही कळलं का, तर म्हणाल्या, "पाऊस फार आहे यंदा." घरात त्याचा शर्ट होता खुंटीवर, तो घडी करून पेटीत टाकला. मला वाटलं, हिनं मनातून त्याला पुरलंसुद्धा. आम्ही दोघी एका घरात राहायचो आणि कामापुरतं बोलायचो. पुस्तक कपाटावर पडून होतं, पुठ्ठ्याची खूण तशीच.

आणि मग एके सकाळी डिमेलोसाहेबांचा फोन आला. सोडलं होतं सगळ्यांना. जिवंत. मुरादची दोन बोटं गेली होती. दिगंबरला खरचटलंसुद्धा नव्हतं.

घरी आला तेव्हा दाढी वाढलेली, निम्मा झालेला. आईच्या पाया पडला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, तव्याला लागल्यासारखा. "जेवून घे," म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या दिवसभरात त्या त्याच्याशी धड बोलल्याच नाहीत. तो मात्र खुशीत. जेवला, झोपला, उठला, पुन्हा जेवला. दुसऱ्या दिवशी ओटीवर पाय पसरून मला म्हणाला,

"आईनं वाचवलं मला."

मी वाळलेले कपडे घडी करत राहिले.

"खरंच सांगतो. त्यांच्यातला एक सगळ्यांना सांगत सुटला, ह्याला कुणी नाही, बेवारस आहे, ह्याला मारून कुणाला ऐकवणार? मला भटारखान्यात टाकलं. भात रांध, भांडी घास. मुरादला बाहेर काढायचे तेव्हा मी आत कांदे चिरत असायचो." तो थांबला. पसरलेले पाय जवळ घेतले. "पहिल्यांदा आई तसं म्हणाली ना, तेव्हा मी खलास झालो होतो, हेमा. वाटलं, संपलं. उडी मारावी समुद्रात. पण ती शेवटचं वाक्य बोलली आणि माझी ट्यूब पेटली! 'चुकीच्या घरी हाक मारलीस, इथं तुझं कुणी नाही.' थान आजी! अगं, शब्दाला शब्द थान आजी! मनात म्हटलं, वा रे आमच्या घरच्या बायका! ह्या पुस्तक वाचतायत घरी, आणि त्यातूनच मला सांगतायत, की गप्प राहा, हे सोंग आहे. त्या एका वाक्यावर मी एवढे महिने काढले. रोज रात्री झोपताना म्हणायचो, ते पुस्तकातलं आहे, ते पुस्तकातलं आहे."

कपाटावर पुस्तक होतं. खूण पानात होती, बाहेर डोकावत. तो उठून त्या बाजूला बघणार, एवढ्यात मी बोलले.

"तर काय! पारायण केलं आम्ही. आईंना तर तोंडपाठ झालंय."

"शेवट कसला आहे ना?"

"जबरदस्त आहे," मी म्हटलं.

दिगंबरला आजही ठाऊक नाही, की ते शेवटचं प्रकरण तेव्हा आम्ही उघडलंच नव्हतं. इतक्या वर्षांत त्यानं ती गोष्ट पन्नास लोकांना सांगितली असेल, आणि दर वेळी मी शेजारी बसून मान डोलावलीय.

तो अंघोळीला विहिरीवर गेला, तसं मी पुस्तक काढलं आणि स्वयंपाकघरात गेले. सासूबाई खाली बसून भाजी निवडत होत्या. मी त्यांच्यासमोर फतकल मारून बसले आणि आधी एकही शब्द न बोलता शेवटचं प्रकरण वाचायला सुरुवात केली. हळू आवाजात, त्यांच्यापुरतं. त्यांनी मान वर केली नाही, पण भाजी निवडणारी बोटं थांबली.

थान आजी दारात बसलेली असते. सगळं गाव संपलेलं. तळ्यावरून हाक येते, तिच्या बुडालेल्या मुलाच्या आवाजात. ती दार लावून घेत नाही, लपत नाही, गप्पही बसत नाही. भाकरीचं पीठ मळता मळता, रस्ता चुकलेल्याला सांगावं तसं सांगते, चुकीच्या घरी हाक मारलीत, इथं तुमचं कुणी नाही. पाहुणे थांबतात. ऐकतात. त्यांना त्या आवाजात भीती सापडत नाही, माया सापडत नाही, धरायला काही म्हणजे काहीच सापडत नाही. आणि ते पुढं निघून जातात.

मी पुस्तक मिटलं. त्यांना सांगितलं, दिगंबर काय म्हणतो ते. त्यानं ते वाक्य ओळखलं, त्याच्यावर दिवस काढले, आणि आम्ही वाचून ठरवून बोललो असं त्याला वाटतं, तर तसंच वाटू द्यायचं.

सासूबाईंनी हातातली भाजी खाली ठेवली. चष्मा काढून पदरानं पुसला, पण पुन्हा घातला नाही.

"तिचं बरं होतं," मग म्हणाल्या. "मिठागरवालीचं. आवाज पोराचा होता, पण होते परके. माझ्याकडे आवाजही पोराचा आणि पोरही माझंच." त्यांनी तीन बोटं वर केली. "तीन हाका मारल्या गो त्यानं. मी मोजल्या. तिन्ही पुऱ्या. माणसाच्या हाका होत्या, माझ्या दिगूच्या. जन्मभर तिसऱ्या हाकेला ओ देत आले आणि त्याच्याच तिसऱ्या हाकेला दिली नाही."

मी त्यांचा हात धरला. भाजीच्या मातीनं भरलेला, थंडगार. त्या दिवशी बोललेलं सगळं मला आता परत घ्यायचं होतं.

विहिरीकडून दिगंबरचा आवाज आला. टॉवेल विसरला होता, नेहमीसारखा.

"आई!"

"ओ," सासूबाई म्हणाल्या.

मी चमकून पाहिलं. "आई, एकच झाली. पहिलीच होती."

"माहितेय," त्या म्हणाल्या. "न्यायचं असेल तर नेऊ दे मला."

आणि चष्मा भाजीतच टाकून, दोरीवरचा टॉवेल ओढून घेऊन, त्या लगबगीनं विहिरीकडे निघाल्या.